अनुराधाचा ड्रम

पन्नाशी ओलांडलेली बाई शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये बसून खेळण्यातल्या रायफलीला गोळ्यांचा ड्रम बसवतेय, याचं ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या त्या नव्या कोऱ्या गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. अनुराधाला सगळे ओळखून होते. मूळची पुण्याची, इथे बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगची मशिनं सांभाळणारी, नवरा गेल्यावर मुलीला एकटीने वाढवलेली ही बाई एकदा पेटली की कुणाचं ऐकायची नाही.

पेटवलं होतं रवींद्रने. हॅमिल्टनचा हा गुरांचा डॉक्टर, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेला, सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुरणात ससे मारायला जायचा. मराठी मंडळाच्या जेवणात तो शेजारी बसला आणि बोलता बोलता विषय त्याच्या रायफलीवर गेला.

"पाचच गोळ्या मावतात?" अनुराधा म्हणाली. "सिनेमात ते ड्रम मॅगझीन असतं बघा, गोल डब्यासारखं. पन्नास-शंभर गोळ्या आत. एकदा भरलं की काळजी नाही!"

"इथे कायद्याने बंद आहे ते. आणि नसतं तरी मी घेतलं नसतं."

"का?"

"जड धोंडा असतो तो. भरता भरता बोटं दुखतात. आतली स्प्रिंग रुसली की गोळी मध्येच अडकते. शिवाय मी गवतात पालथा पडणार, तेव्हा खालचा डबा जमिनीला टेकणार आणि नळी आभाळाकडे. मी पन्नास वेळा चुकेपर्यंत ससा काय माझी वाट बघत बसणारे?"

"स्प्रिंग रुसते म्हणजे डिझाइन चुकलंय."

"मग सुधारून दाखवा की," रवींद्र मिशीत हसत म्हणाला. "मंडळाच्या पिकनिकला फोमच्या गोळ्यांची लढाई आहेच. तुम्ही ऑकलंडवाले, आम्ही हॅमिल्टनवाले."

झालं! त्या दिवसापासून गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नाही. प्लास्टिकचा डबा, त्यात फिरणारी चकती, मधोमध गुंडाळीची स्प्रिंग. बाकावर शिकंज्यात पकडून चालवलं की फोमच्या पिवळ्या गोळ्या फट् फट् फट् भिंतीवर! अनुराधा टाळ्या पिटायची. मुलगी जुई दारात उभी राहून बघायची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

"मम, यू आर सो एम्बॅरसिंग."

"असू दे. ही गोळी धर."

पिकनिकच्या दिवशी हॅमिल्टनच्या बागेत ऊन नुसतं फुललं होतं. ड्रम बघून ऑकलंडच्या गटाने जल्लोष केला. शिट्टी वाजली आणि अनुराधा धावत सुटली. पण शिकंजा घरी राहिला होता, आणि हातात त्या डब्याचं वजन आता जाणवायला लागलं. धावताना गोळ्या आत खुळखुळ वाजत होत्या, त्यामुळे ती कुठल्या झुडपामागे लपलीय हे हॅमिल्टनच्या पोराटोरांनाही कळत होतं. ती पालथी पडली. डबा जमिनीला टेकला, नळी वर गेली, आणि पहिलीच गोळी डौलात उडून झाडाखाली जेवत बसलेल्या पुरुषोत्तमकाकांच्या श्रीखंडात पडली.

"अरे, कोण आहे रे ते?" काका ओरडले.

अनुराधाला हसू आवरेना. हसता हसता तिने पुन्हा खटका दाबला. खट्. काही नाही. पुन्हा खट्. गोळी अडकली होती.

तेवढ्यात झुडपाच्या पलीकडून रवींद्र सरपटत आला. हातात सहा गोळ्यांचं साधं खेळणं. नेम धरून तो तिला सहज टिपू शकला असता. पण त्याने ते बाजूला ठेवलं आणि तिच्या शेजारी पालथा पडला.

"रुसली का?" त्याने कुजबुजत विचारलं.

"नाव घेऊ नका!"

"चकती जरा मागे फिरवून बघू?"

"हात लावू नका, स्प्रिंग ताणलेली आहे, हात ला—"

त्याने हात लावला होता. झाकण उडालं. डब्यातल्या सगळ्या गोळ्या एका दमात आभाळात गेल्या आणि त्यांच्या डोक्यावर, पाठीवर, मिशीवर पिवळ्या पावसासारख्या टपटपल्या. मग अनुराधाची अशी काही मुरकुंडी वळली की तिला श्वास घेता येईना. रवींद्रही डोळे पुसत लोळत होता. लढाई थांबवून सगळे बघायला जमले.

"हरले," ती कशीबशी म्हणाली. "तुमचंच खरं. भिकार वस्तू आहे ही."

"भिकार कसली! आयुष्यात इतका हसलो नव्हतो मी." तो उठून बसला आणि एकदम लाजला. "अनुराधा, पुढच्या रविवारी ऑकलंडला येऊ का? ड्रम नको. नुसता चहा."

तिने केसांत अडकलेली एक पिवळी गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"भजी पण करीन," ती म्हणाली.

परतताना गाडी जुईने चालवली, कारण आईचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मोटरवेवर खिडकी उघडून अनुराधा मोठ्याने बेसूर गात होती. जुईने बराच वेळ सहन केलं.

"मम, डू यू लाइक हिम?"

"हो ग," अनुराधा म्हणाली, आणि स्वतःचंच उत्तर ऐकून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

जुईने खांदे उडवले. मग, कधी नव्हे ते मराठीत, अडखळत म्हणाली, "भजी... मी पण शिकते."