आईला पुन्हा बोलायला शिकवताना

लकवा झाला तेव्हा आईची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याआधी आमच्या गावात, कळसाडीत, आमच्या ओट्यापाशी थांबून तिच्याशी बोलल्याशिवाय एकही बाई शेताकडे जात नसे. आता त्याच बाया मान खाली घालून जायच्या.

डॉक्टरांनी मला सांगितलं, "रोजचे प्रसंग घ्या. कोणी घरी आलं, फोन वाजला, दुकानात गेलं. तेच तेच बोलून घ्या, आणि घरच्या भाषेत." मी नंदुरबारची नोकरी सोडून आले. रोज सकाळी दाराबाहेर जायचे आणि शेजारीण होऊन आत यायचे. कितीतरी दिवस आई नुसती बघायची. मग "ये" आलं. मग आमच्या अहिराणीतलं "बठ", म्हणजे बस. कापूस वेचायला आला तेव्हा तिने खऱ्या शेजारणीला चहा विचारला, "च्या पेस का?" शेजारीण रडायलाच लागली. मला वाटलं, जमलं.

त्याच थंडीत मामा वारले.

शहाद्याला मामांच्या घरी जाताना एसटीत मी मामी झाले. "मन्हा भाऊ गया," एवढंच आईला म्हणायचं होतं. स्टँड यायच्या आत तिने ते अगदी नीट म्हटलंही.

घरात बाया बसल्या होत्या. मामी आईच्या गळ्यात पडली. आई डाव्या हाताने तिची पाठ चोळत होती. तिचे ओठ हलले आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "ये. बठ. च्या पेस का?"

मागे कोणीतरी हसलं. मामी हसली नाही. "नको, बाई," ती हळूच म्हणाली, "माले च्या नको."

आपण काय बोललो ते आईला कळलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "च्या"च आला. मग तिने हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. आम्ही निघेपर्यंत हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारीण होऊन आत आले, तर तिने भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. मी केली नाही. पण त्यानंतर ती बोललीच नाही. कोणी येताना दिसलं की मला खुणावते, मी तिला धरून आतल्या खोलीत नेते.

मामीचा अधूनमधून फोन येतो. मी तो आईच्या कानाला लावते. मामी बोलते, रडते, मध्येच विचारते, "ऐकी ऱ्हायनी का?" आई मान हलवते. तिकडे ते दिसत नाही, म्हणून मीच सांगते, "हा, ऐकी ऱ्हायनी."