खोबरेलावर चालणारा फोनो

आमच्या काकीचा फोनो खोबरेलावर चालत असे. आचऱ्याकडच्या आमच्या वाडीत कुरकुरणाऱ्या कुठल्याही वस्तूला, मग ती दाराची बिजागरी असो, राहाटाचा कणा असो की म्हाताऱ्याचा गुडघा, खोबरेलच लावत. काकाने हा चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, गोव्याहून आणला तेव्हा तिकडे अजून फिरंग्यांचं राज्य होतं. पुढे काका बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि परमुलखातच तापाने वारला. मागे काकी, तो फोनो आणि मोजक्या तबकड्या राहिल्या. फोनो कुरकुरू लागला की काकी त्याचं झाकण काढून आतल्या चाकांवर खोबरेल सोडी. खोबरेल थंडीत गोठतं, साचलं की चिकट होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते डोक्यावरच्या टोपीपुरतं. फोनोच्या चाकांनाही ते लागू असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

देवळातल्या हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीला, महाप्रसादाआधी, काकी एक गवळण म्हणे. वाडीत बाजाची पेटी होती, पण वाजवणारा मुंबईला. तबला होता, तबलजी मुंबईला. म्हणून फोनो सभामंडपात आणायचा, गवळणीची तबकडी लावायची, पेटी-तबला तबकडीतला घ्यायचा आणि गाणं काकीने म्हणायचं, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली. तबकडीतली बाईही बिचारी गात असे, पण काकीच्या जड आवाजाखाली ती कुणाला ऐकू येत नसे. पाण्याला निघालेली गवळण वाट अडवणाऱ्या कान्ह्याला ‘सोड’ म्हणून विनवते, असं ते पद. काकीच्या तोंडी ती गवळण अशी काही रेंगाळे की हिला जायचंच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

काकी विधवा बाई. लग्नकार्यात मागच्या दारी कांदे चिरायची, पुढे यायची नाही. त्या एका दुपारी मात्र सगळं गाव तिच्यासाठी गप्प बसत असे. देवस्थानचे मानकरीदेखील तपकिरीची डबी खिशात ठेवून देत. तिच्या वाट्याला आलेली तेवढीच एक गोष्ट अशी होती, की जी दुसऱ्या कुणाची नव्हती.

गोवा मोकळा झाल्यानंतरच्या एका वर्षी फोनोची स्प्रिंग तुटली. मालवणातल्या घड्याळवाल्याने हात टेकले. मी तेव्हा मुंबईत एका कारखान्यात लेथवर होतो, गणपतीला घरी आलो होतो. निघताना काकीने फोनो गोधडीत बांधून माझ्या हवाली केला.

“मुंबयत कोण तरी नीट करीत रे. सांभाळून न्हे.”

मुंबईतल्या दुरुस्तीवाल्याने फोनो उघडला आणि खो खो हसत सुटला. “अहो, यात डोक्याला लावायचं तेल कुणी घातलं? चाकं लाखेत बसवल्यासारखी झालीत. हा कित्येक वर्षं हळूच चालत असणार.” मीही त्याच्याबरोबर हसलो. आपली माणसं किती अडाणी, असं दाखवायला मुंबईत मला तेव्हा फार आवडायचं. हळू चालण्याबद्दल तो जे बोलला ते मी ऐकलं आणि तिथेच टाकून आलो.

तशी स्प्रिंग आता मिळत नाही, असं म्हणून त्याने मला एक नवं मशीन दाखवलं. लाल झाकणाचं, हातात बॅगेसारखं धरायचं, बॅटरीच्या सेलवर चालणारं. “जुन्या तबकड्याही यावर चालतात, वेगाचा खटका नुसता फिरवायचा.” मी जुना फोनो देऊन ते बदलून घेतलं, वर थोडे पैसे घातले. काकीला पत्र टाकून विचारता आलं असतं. सुचलं नाही असं नाही. ती नको म्हणेल अशी भीती वाटली, आणि लाल झाकण मला फार आवडलं होतं.

सप्ताहाला रजा काढून आलो. काकीने झाकणावरून हात फिरवला आणि विचारलं, “आणि ह्यांचो फोनो?”

“तो गेलो, काकी. दुरुस्त होय नाय होतो.”

तिने लाल झाकण लावून घेतलं. मग म्हणाली, “बरा झाला. चावी मारूक नको.” माझा उतरलेला चेहरा बघून तिने ते म्हटलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

समाप्तीच्या दिवशी सभामंडप भरला. मी ऐटीत खटका फिरवला, सुई टेकवली. पेटी वाजू लागली, पण ती आमची पेटी नव्हती. वरच्या पट्टीतली, लगबगीची. काकीने सवयीप्रमाणे पहिली ओळ घेतली, तोवर तबकडीतली बाई दुसरीत पोचली होती. काकीने आवाज चढवला, तो फाटला. तिने श्वास घेऊन मधेच गाठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा मागे पडली. शेवटी पदर सावरत माझ्याकडे वळली.

“ही इतकी घाईत कित्या गाता रे? हिका खंय जावचा आसा?”

मंडप हसला. एक मानकरी म्हणाले, “मुंबयवाल्यान फसवल्यान तुका. बिघडलेली मशीन दिल्यान.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मशीन बिघडलंय, असं म्हणून सुई उचलायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच काम होतं. पण मी लेथवरचा कारागीर, माझ्या मशीनला चारचौघांत नावं ठेवलेली मला सोसली नाहीत.

“मशीन बरी आसा,” मी मोठ्याने म्हणालो. “जुनो फोनोच हळू चलत होतो, तेल गोठलेला त्याच्यात. गाणा ह्या असाच आसा. ह्याच बरोबर.”

काकी माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे इतकी वर्सां मी चुकीचा म्हणी होतंय?”

मी खटका खालच्या वेगावर फिरवला तर तबकडीतल्या बाईचा बाप्या झाला आणि पोरं लोळू लागली. मग तबकडीच्या कडेला बोट टेकवून वेग धरायला गेलो, तर सूर नांगरावरच्या होडीसारखा डुलायला लागला. मी तसाच घामाघूम होऊन बोट लावून बसलो होतो.

“ऱ्हवांदे,” काकी म्हणाली. “लोकांका जेवक उशीर होता.”

पंगतीत माझंच कौतुक चाललं होतं. पोराने केवढं मशीन आणलं, काकीची केवढी सोय केली. वाढता वाढता काकीने माझ्या पानात जास्तीची खीर घातली.

मुंबईला परतलो, पण काही सुधरेना. ती पुन्हा त्या मागच्या दारी कांदे चिरणार, आणि तिला तिथे मी पाठवलं, एवढंच डोक्यात घोळे. मग वाटलं, आपण लेथवर कशाला आहोत? त्या मशीनमध्ये मोटरच्या दांड्यावर रबरी चाक घासतं आणि तबकडी फिरते. दांडा बारीक केला की वेग उतरतो. त्याच दुरुस्तीवाल्याकडून तसाच सुटा दांडा आणला. दुपारच्या सुट्टीत थोडा घासायचा, संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन तिथल्या मशीनला लावून बघायचा. त्या गवळणीची तबकडी त्याच्याकडेही होती. काकीची चाल माझ्या कानात पक्की होती, तिच्यावरूनच बेतत गेलो. फार बारीक झाला म्हणून एक टाकला, दुसरा आणला. शेवटी एकदा ती पेटी अगदी आमच्या सभामंडपातल्यासारखी वाजली, तेव्हा त्या दुकानात माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मधल्या काळात गावचा कुणीतरी यायचा आणि काकीने सेल मागितलेत असं सांगायचा. मी पाठवत राहिलो. एकटी बाई, करमणुकीला लावत असेल, असं वाटायचं. बरंही वाटायचं. तेवढंच मनावरचं ओझं हलकं होई.

पुढच्या सप्ताहाला दांडा खिशात घालून आलो. सकाळी काकी महाप्रसादाचा भोपळा चिरत होती, तेवढ्यात देवळात बसून मी तो मशीनमध्ये बसवला. तिला सांगितलं नाही. पेटी सुरू झाल्यावर तिचं तोंड कसं फुलतं ते मला बघायचं होतं. म्हणजे दुसऱ्यांदाही मी तिला विचारलं नाहीच.

मंडप भरला. सुई टेकवायला मी वाकलो, तेव्हा काकी हळूच म्हणाली, “ह्या खेपेक बघ रे. मी मागे ऱ्हवचंय नाय.”

सेल कशासाठी जात होते ते मला तेव्हा समजलं, पण हात पुढे गेला होता आणि सुई टेकली होती. पेटी जुन्या चालीने, रेंगाळत सुरू झाली. काकीच्या कपाळावर आठी पडली. तरी तिने ओळ घेतली, वर्षभर घोटून घोटून बसवलेली, वरच्या पट्टीतली, झपझप, आणि तबकडीच्या कितीतरी पुढे निघून गेली. थांबली. पुन्हा घेतली, पुन्हा पुढे गेली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काकीने स्वतः हात पुढे केला आणि सुई उचलून बाजूला ठेवली.

“अशीच म्हण गो,” मागून एक म्हातारी म्हणाली. “आधी म्हणी होतंस तशी.”

काकीने डोळे मिटले. पहिली ओळ खाली, जड आवाजात आली. दुसरी ओळ आपोआप वर चढली आणि धावत सुटली. तिने ती मधेच सोडली, पहिली परत घेतली. या वेळी तीही धड हळू नव्हती की धड घाईची नव्हती. काकीने डोळे उघडले आणि ती हसली.

“दोनातली माझी खंयची, ताच माका आठवना नाय रे.”

ती हसली म्हणून मंडळीही हसली, आणि पानं मांडायला उठली. माझ्या कानात तिची गवळण लख्ख वाजत होती. मला ती तिच्या चालीत, तिच्या ठेक्यात सबंध म्हणता येत होती. दोन ओळी मी धरल्या असत्या तर काकीला ती सापडली असती. पण एवढ्या लोकांत, बायकांच्या पदाला, माझ्यासारख्या बाप्याने तोंड उघडायची मला लाज वाटली. मी खाली मान घालून मशीनचं झाकण लावत बसलो, आणि काकी मागच्या दारी गेली, लग्नकार्यात कांदे चिरायला जात असे तशी.