विहीणबाईंचा खो

आमच्या विहीणबाईंना जगाच्या पाठीवरचा कुठलाही खेळ दाखवा, घटकाभरात त्या त्याचा खो-खो करून टाकत. क्रिकेट म्हणजे आळशांचा खो-खो, टेनिस म्हणजे गडी न जमल्यामुळे फसलेला खो-खो, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. नागपूरला म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्यांनी जन्मभर पोरींना खेळ शिकवले. रिटायर झाल्यावर शिट्टी गळ्यातून निघाली, पण घशातून काही निघाली नाही. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा मुलाकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीत कायमची राहायला आलेली, आणि त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे, म्हणजे त्याच घरात. आता दोन विहिणी, एक स्वयंपाकघर आणि बाहेर मिनेसोटाचा हिवाळा, म्हटल्यावर काय होणार ते बायकांना वेगळं सांगायला नको. पहिलं भांडण कोथिंबीरवडीवरून झालं. आम्ही पुण्याकडचे, तिला कोथिंबीरवडी म्हणतो. नागपूरकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. त्या म्हणाल्या, "सांबारवडी म्हणा न वं." मी म्हटलं, सांबार इडलीबरोबर खातात. त्यावर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वड्या केल्या, आणि त्या इतक्या चांगल्या झाल्या की अबोला आणखी एक दिवस लांबला.

पण मला सांगायचंय ते हॉकीचं. आमची दोघींची सामायिक नात सुजाता तासाभरावरच्या एका छोट्या कॉलेजात होती आणि तिथल्या मुलींच्या आइस हॉकीच्या टीममध्ये दुसरी गोलकीपर होती. हॉकी म्हटल्यावर विहीणबाई मैदान, धूळ आणि ऊन अशा तयारीनं निघाल्या. तिथे बघतात तर घराच्या आतच बर्फाचं तळं, आणि त्यावर चिलखतं घातलेल्या पोरी एका काळ्या चकतीच्या मागे सुसाट. मी थंडीनं अंग आवळून बसले होते. विहीणबाई पांढऱ्या लुगड्यावर सुजाताचा टीमचा स्वेटर, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला अशा ताठ बसल्या. मधल्या सुट्टीत बर्फ गुळगुळीत करायला गाडी आली, ती त्यांना फार आवडली. "पाहा ताई, सारवून राहिले!" असं म्हणून त्यांनी पूर्ण सारवण नीट तपासलं आणि गाडी निघाल्यावर तिच्या मागे ओरडल्या, "ए बाबा, कोपरा राहिला!" एका पोरीला धक्काबुक्कीबद्दल शिक्षा म्हणून काचेच्या खोक्यात एकटं बसवलं, तेव्हा मात्र त्या पेटल्या. "हे काय! या देशातही पोरीला बाजूला बसवून राहिले?" मी घाईनं कानात सांगितलं, तसलं काही नाही, मारामारी केलीय तिनं. "मंग ठीक आहे," म्हणाल्या. "मारलं असंल तं बसू द्या."

आणि मग त्यांनी ते पाहिलं. खेळ चालू असतानाच दमलेल्या पोरी कठड्याशी येत, आणि बाकावर बसलेल्या ताज्या पोरी कठड्यावरून उड्या मारून बर्फावर जात. विहीणबाई उभ्याच राहिल्या. "अवं ताई, हा तं खो-खो!" झालं. त्या क्षणापासून पोरी बदलल्या की यांची आरोळी, "खोऽऽ!" त्या मुलींना वाटायचं आजी "गो" म्हणतायत, थंडीमुळे जीभ जड झाली असेल. सुजातानं पुढे कधीतरी खरा अर्थ सांगितला, तेव्हा तर सगळा बाकच "खो" म्हणायला लागला. उंच, करड्या डोळ्यांच्या कोचबाईसुद्धा. विहीणबाई भेटेल त्याला जय भीम करत, कोचबाई फार मनापासून "जे बीम" म्हणत. मॅचनंतर सांबारवडीचा डबा पोरींच्यात फिरायचा, आणि माझ्या देखत माझा कोथिंबीरवडीचा पक्ष साता समुद्रापार हरायचा.

एवढ्या सगळ्यात एकच काटा होता. सुजाताला खो मिळत नव्हता. पहिली गोलकीपर क्रिस्टन, दरवाजाएवढी पोरगी, जागची हलायची नाही. सुजाता सगळी चिलखतं चढवून बाकाच्या टोकाला बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींसाठी कठड्याचं दार उघडायची. विहीणबाईंना ते बघवेना. "माही नात दरवान आहे काय?" फेब्रुवारीअखेर त्यांचं परतीचं तिकीट. मुलानं महागड्या स्वेटरपासून धबधब्यापर्यंत सगळं विचारून पाहिलं, पण त्यांना अमेरिकेतून एकच गोष्ट बघून जायची होती, नातीला बर्फावर उतरताना. शेवटी एक दिवस त्यांनी कोचबाईंना गाठलंच. "कोच, जय भीम. सुजाता खो व्हेन?"

परतताना गाडीत सुजाता रडकुंडीला आली. "आजी, प्लीज! यू कान्ट डू दॅट, यार! ती मला टीममधून काढेल."

"काऊन काढंल? म्या वेळ विचारली. स्टेशनावर विचारत नाही का, गाडी कधी येते म्हणून?"

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच विहीणबाईंच्या विमानाच्या आदल्या शनिवारी होती. तिच्यात आमच्या पोरी अशा हरत होत्या की मला बोर्डाकडे बघवेना. शेवटचा भाग सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. क्रिस्टननं आणखी एक गोल खाल्ला, कोचबाईंनी तिला हातानं बाहेर बोलावलं, बाकाच्या टोकाशी गेल्या, सुजाताच्या पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाल्या, "को!"

सुजाता पंख फुटल्यासारखी गेली आणि पहिलीच चकती तिच्या पायांमधून आत गेली. मी डोळे मिटले. पुढच्या मात्र तिनं हातानं, गुडघ्यानं, एकदा तर डोक्यावरच्या शिरस्त्राणानं अडवल्या. मला राहून राहून वाटलं, काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं, शेजारून आवाजच येत नव्हता. विहीणबाई पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "अहो, ओरडा ना आता!"

"आता काऊन ओरडू?" त्या पदरातूनच म्हणाल्या. "खो भेटला न."

मॅच अर्थातच पोरी हरल्या. सुजाता बाहेर आली ती नाक लाल करून. "आजी, शी ओन्ली पुट मी इन कारण आपण ऑलरेडी हरलो होतो."

विहीणबाईंनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "मंग? खो देणारी दमली म्हणूनच देते बाई. ताजी असताना कोण देते? पाठीला हात लागला होता न? मंग तो खराच खो."

तेव्हा विमानाच्या दारापर्यंत सोडायला जाता यायचं. सगळ्यांना जय भीम करून झाल्यावर विहीणबाई मागून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, वाकून काही सांगतायत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "खो" म्हणाल्या आणि मागे न बघता चालू लागल्या, मोज्यांवर चपला घालून.

त्या पुन्हा आल्या नाहीत. कारण व्हिसाचं सांगत, पण ते गुडघ्यांचं होतं. पुढच्या हिवाळ्यापासून मॅचला मी एकटीच जाऊ लागले. सुजाता त्याही वर्षी बहुतेक वेळ दारच उघडत होती. पोरी बदलल्या की मीही खो म्हणायची, पण आपलं हळूच. मला तेवढा घसा नाही. मॅच संपली की त्या घामाघूम पोरी माझ्या डब्याभोवती जमायच्या आणि "सांबारवडी! सांबारवडी!" करायच्या. दोन-चारदा ओठांवर आलं होतं, की बायांनो, ही कोथिंबीरवडी. पण नाही सांगितलं. म्हटलं, असू दे.