पन्नास जणांच्या यादीतली बाळाबाई

महेंद्रला बस म्हटलं तर बसतो, पण त्याचे पाय बसत न्हाईत. कुपवाडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी हाय. तिथल्या बाकड्यावर हा गडी टेकला की अख्खं बाकडं हलतंय. माझा चहा कितीदा सांडलाय. "आरं, अंगात आलंय का तुझ्या?" म्हटलं तर हसतो, अर्धा चहा तसाच ठेवून उठतो, गेटपर्यंत जातो, परत येतो. हातात मोबाईल. बघायचा, खिशात घालायचा, परत काढायचा.

मशीनवर मात्र हाच माणूस खांबासारखा उभा. सात ते तीन, पहिली पाळी. बारा वर्षांत त्याच्या हातनं वाया गेलेले जॉब, म्हणजे मशीनवरचे नग, मोजायला एक हात पुरंल. तासगावकडचा. वडील फौजेत होते. ह्यानं सांगलीत आयटीआय केलं आणि तडक हितं लागला. तीनला त्याचं मशीन मी घेतो, अकराला माझ्याकडनं आप्पासो घेतात. आप्पासो आमच्यात वडीलधारे, तंबाखू मळता मळता उपदेश करणारे.

आणि मी साईराज. माझा स्वभाव सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजंल. मला पसारा खपत न्हाई. कारखान्यात ते फाईव्ह एसचं प्रशिक्षण झालं, त्यात सगळ्यात पुढं मी. नियम सोपा: तीन महिने जी वस्तू वापरली न्हाई, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि बाहेर काढायची. जागा मोकळी, डोकं मोकळं. घरी बायकोच्या डब्यांनाबी मी लाल चिठ्ठ्या लावल्या होत्या. दोन दिवस जेवायला मिळालं न्हाई, ते सोडा.

तर महेंद्रच्या मोबाईलमधला हा गेम. मूळ गेम वीस वर्षांपूर्वीचा. चौघांची टोळी, सात किल्ले, शेवटी एक राक्षस. तोच मागल्या वर्षी मोबाईलवर नव्यानं आला. महेंद्रनं पहिल्याच दिवशी घेतला, मग मला चिकटवला, मी आप्पांना. जुन्या गेममधी म्हणे वैद्यबाई दुसऱ्या गावात आपणहून येऊन मिळायची. नव्यात तसं न्हाई. हिरे साठवा आणि सोडत काढा. निघाली तर निघाली, न्हाईतर घ्या एक लाकडी ढाल! ढाली आमच्याकडं लय झाल्या होत्या. वैद्यबाई वर्षभरात एकदाबी निघाली न्हाई. मी कितीदा मोबाईल गादीवर आपटलाय. गादीवरच, हप्ते फिटायचे होते.

त्यात शक्ती म्हणून एक भानगड. लढाईला शक्ती लागते, ती आठ तासांत भरते, आणि भरल्यावर खेळलं न्हाई तर पुढची वाया. आठ तास म्हटल्यावर आमच्या डोक्यात काय आलं असंल? पाळी! महेंद्रचं एकच खातं, तिघांच्या मोबाईलवर. एक मशीनवर असला की दुसरा गेमवर. पाळी बदलताना मशीनचा देतात तसा व्हॉट्सॲपवर हँडओव्हर लिहायचा: "चौथा किल्ला झाला, दोन ढाली निघाल्या, शक्ती संपवून दिलीया." आप्पा लिहायचे, "सर्व ठीक." हरले तरी सर्व ठीक.

सगळं झकास चाललं होतं, एक गोष्ट सोडून. गेममधी पन्नास मित्रांची यादी असते. लढाईत कुठल्याबी मित्राचा एक गडी उसना घेता येतो. आमच्या यादीत ऐंशीव्या पायरीवरची वैद्य घेऊन बसलेले लोक होते. आणि हा महेंद्र रोज सकाळी पावणेसातला, मशीन चालू करायच्या आधी जी एक लढाई करायचा, तिच्यात घ्यायचा बाळाबाई नावाची वैद्य. पायरी आठवी! तिचा मालक सहा महिने गेममधी फिरकलेला न्हाई. पहिल्या फटक्यात ती बाई आडवी. लढाई गेली, शक्ती गेली.

"आरं, हिच्यात काय सोनं लागलंय?" मी विचारायचो.

"असू दे रं," एवढंच म्हणायचा आणि गेटकडं बघत बसायचा.

एका रविवारी पाचव्या किल्ल्यासाठी मला एका तगड्या खेळाडूला यादीत घ्यायचं होतं. यादी फुल्ल. मग मी माझ्या पद्धतीनं बसलो. तीन महिने न आलेला प्रत्येक जण बाहेर. तेवीस काढले. खोटं कशाला बोलू, त्यातले बावीस नियमानं काढले आणि एक रागानं. मग वर ऐटीत हँडओव्हर लिहिला: "यादीचं फाईव्ह एस केलं. तेवीस भंगार बाहेर. जागा मोकळी."

सोमवारी पावणेतीनला कारखान्यात पोचलो तर महेंद्रच्या मशीनशेजारी लाल पेटीत जॉब पडलेले. वाया गेलेले. एक न्हाई, सहा. सुपरवायझर बडबड करून गेला होता. महेंद्रनं मला मशीन दिलं, काय केलंय काय राहिलंय ते नीट सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "बाळाबाईला काढलंस व्हय?"

"व्हय. मग?"

"माझ्या आईचं नाव हाय ते."

मला वाटलं मस्करी करतोय. त्याचं तोंड बघितलं, मस्करी न्हवती.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर तासभर उशिरा येतो म्हणून सुपरवायझरला सांगून मी टपरीवर थांबलो. तो सुटला, बाकड्यावर बसला, आणि पाय हलवत हलवत त्यानं सगळं सांगितलं. लहानपणी त्याच्या वडलांनी सिलीगुडीहून सुट्टीवर येताना हातात धरायचा जुना व्हिडिओ गेम आणला होता. त्यात हाच गेम. सगळं इंग्रजीत. थोरली बहीण प्रियदर्शनी डिक्शनरी घेऊन वाचायची, हा बटणं दाबायचा. गड्यांना नावं आपण द्यायची होती. वैद्यबाईला आक्कानं आईचं नाव दिलं, कारण काय लागलं-खुपलं तर आईच बघते. आईला सांगितलं तवा आई म्हणाली होती, "मला त्यात मारू नका म्हणजे झालं."

अडीच वर्षांपूर्वी आई मिरजेच्या दवाखान्यात होती. आक्का तवा शिरवळच्या एका कारखान्यात नवी लागली होती, कायम व्हायला पंधरा दिवस राहिलेले. आई म्हणाली, "तिला कळवू नको, पोरीची नोकरी जाईल." ह्यानं ऐकलं. आई पहाटे गेली. भावकीनं घाई केली, आणि ह्यानं फोन लावला तवा नऊ वाजून गेले होते. आक्का पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. ती दारात उभी राहून एकच वाक्य बोलली, "मला कळवायला तुला एक फोन जड झाला?" पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आली, मागल्या रांगेत बसली, गेली. त्यानंतर बोलणं बंद.

"मग गेम आला," महेंद्र म्हणाला. "चौथ्या दिवशी आक्काकडनं यादीत येण्याची विनंती आली. बाळाबाई. तिला पहिल्याच सोडतीत निघाली बघ, आणि नाव तेच दिलेलं. मी लगेच घेतलं. सहा महिने अधनंमधनं खेळली, मग थांबली. पण मी रोज तिची बाळाबाई उसनी घेतो. घेतली की तिला मेसेज जात असंल. बघत असंल, नसंल. मी बोलतोय, तिनं ऐकलं न्हाई तरी चालंल."

आईशप्पथ, स्वतःच्याच कानाखाली मारून घ्यावी वाटली. शहाणपणाला लाल चिठ्ठी लावायची कुठं शिकवत न्हाईत.

"परत विनंती पाठव की!"

"एकदा काढलं की सात दिवस पाठवता येत न्हाई. आणि पाठवली तरी ती उघडतीया कुठं गेम?"

"मग फोन लाव! नंबर हाय न्हवं?"

"दोन वर्षं लावतोय आणि वाजायच्या आत कापतोय."

"चल मग, आत्ता माझ्या गाडीवर बस, शिरवळला जाऊ. मी सुट्टी टाकतो. पाय धरतो आक्काचे!"

तो उठला, गेटपर्यंत गेला, परत आला. "काय सांगू जाऊन? गेममधनं चुकून काढली म्हणून? आईच्या वेळंलाबी चुकलंच होतं की माझं."

ते दिवस मी कसे काढले मला ठाऊक. मशीनवर माझं लक्ष लागंना. हा सुटल्यावर घरी जायचा न्हाई, गेटसमोर फेऱ्या मारायचा. मोबाईल काढायचा, ती यादी उघडायचा, मोकळी जागा बघायचा. मी किती हौसेनं केलेली मोकळी जागा! बुधवारी सगळं कळल्यावर आप्पासोंनीसुद्धा हँडओव्हरमधी 'सर्व ठीक' लिहिलं न्हाई. म्हणाले, "साईराज, घर झाडावं बाबा, पण दुसऱ्याचा देव्हारा झाडू नये." मी खाली मान घालून ऐकलं.

गुरुवारी मी पोचलो तवा तीनला दोनच मिनिटं कमी होती. वॉचमन म्हणाला, "आवं, एक बाई मघापासनं हुब्या हाईत. महेंद्रला विचारत्यात. आत निरोप द्यायला नको म्हणाल्या, फक्त आज कामावर आलाय का तेवढं सांगा म्हणाल्या."

गेटच्या सावलीत चाळिशीकडं झुकलेली बाई. खांद्याला बॅग, हातात एसटीची तिकिटं चुरगाळलेली. ती बसली न्हवती. चार पावलं हिकडं, चार तिकडं. मी चाल ओळखली. नाव विचारायची गरजच पडली न्हाई.

"आक्का, पाणी आणू का?"

"त्याला काय झालंय का?" तिनं उलट मलाच विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. माणसं बाहेर पडाय लागली आणि त्यात महेंद्र. त्यानं तिला बघितलं आणि जागच्या जागी थांबला. पाय हलंनात त्याचे. आक्का तरातरा गेली, त्याचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे केले आणि बोटं मोजली. भर गेटात, माणसं बघत असताना, एकेक बोट दाबून, दहाच्या दहा.

"रोज पावणेसातला मोबाईल वाजतोय," ती म्हणाली. "त्यावर येतं, 'महेंद्रनं बाळाबाईची मदत घेतली.' गेम उघडत न्हाई मी. उघडला असता तर तुला दिसलं असतं, आणि माझा राग गेला न्हवता. पण ते वाजल्याबिगर मी घर सोडत न्हाई. सोमवारी वाजलं न्हाई. मंगळवारी न्हाई. काल न्हाई. आज सकाळी सात वाजले तरी न्हाई. म्हटलं मशीनमधी हात गेला. म्हटलं त्याच्याबी पुढचं काय झालं. उठले आणि सातारची गाडी धरली."

"आक्का, फोन करायचा की..." महेंद्र म्हणाला.

"चारदा हातात घेतला. दुसऱ्याच कुणी उचलला असता तर?" तिनं त्याचे हात सोडले न्हाईत. "मागल्या वेळी मला कुणी कळवलं न्हाई रं. ह्या वेळंला कुणी कळवायची वाट बघणार न्हवते मी."

महेंद्र रडाय लागला. बारा वर्षं मुरलेला ऑपरेटर, गेटात, लहान पोरागत. मलाबी राहवलं न्हाई. मी पुढं झालो आणि सगळं ओकून टाकलं, यादी, लाल चिठ्ठी, तेवीस भंगार, माझा राग. रविवार संध्याकाळपर्यंत परत विनंती पाठवता येत न्हाई, हेबी सांगितलं. म्हटलं, आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

आक्कानं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. मग बॅग खांद्यावरनं काढून महेंद्रच्या हातात दिली.

"रविवार ना? मग रविवारपर्यंत हाय मी हितं."