शनिवारचे बाप

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी थंडी, दहानंतर कोरडं ऊन. तारांवर उत्तरायणाचे फाटके पतंग अजून लटकलेले.

कोर्टात मुलांच्या भेटीची एक खोली आहे आणि खोलीबाहेर एक लांब बाक. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी त्या बाकावर आम्ही बाप बसतो. मूल येईपर्यंत करायला काही नसतं, मग किस्से होतात. बाकीचे घरी पोचेपर्यंत विसरतात, मी डायरीत उतरवतो. आता इतके साचलेत की कुठला कुणाचा ते उघडूनच बघावं लागतं. काल आमच्यातल्या संजयचा निकाल लागला, म्हणून आज त्याच्या आसपासचे सांगतो.

संजय नवागामला कापडाच्या लूमवर कामाला आहे. मूळ अमळनेरकडचा. घरात पुतणे त्याला नाना म्हणायचे, त्यांचं ऐकून त्याचा स्वतःचा ओमही नानाच म्हणायला लागला. मग बाकावर आम्हीही. दीड वर्षापूर्वी बायको ओमला घेऊन कोसाडला वडिलांकडे गेली, ती परत आली नाही. ओम आता सहा वर्षांचा. नानाचा अर्ज एवढाच, की पोरगं माझ्याकडे राहू द्या.

*

पहिल्या भेटीला ओमने जिन्यावरूनच हाक मारली, "नाना!"

दारावरची गुजराती बाई आडवी झाली. "नाना अलाउड नथी. फक्त पप्पा!"

"अहो बाई, मी पप्पाच आहे."

"तो छोकरो नाना केम बोले छे? नाना तो मम्मीना पप्पा!"

शेवटी आधार कार्ड दाखवून नाना आत गेला. आमचा खरात हसून हसून बाकावरून पडायचा बाकी होता!

*

खरात जालन्याचा, बांधकामावर मिस्त्री. त्याची पोरगी तीन वर्षांची. वकिलाने त्याला सांगितलं, कोर्टात जरा सभ्य दिसा. पठ्ठ्या दाढी-मिशी सफाचट करून आला. पोरगी आईच्या कडेवरून उतरेना. बोट दाखवून विचारते, "ये अंकल कौन है?"

दोन तास तो कोपऱ्यात खेळण्यातला ट्रक घेऊन बसला. ती जवळ आली नाही. बाहेर आल्यावर वकिलाला म्हणाला, "साहेब, मिशी उगवंपर्यंत तारीख पुढं घ्या!"

*

नानाने एकदा त्याच वकिलाला विचारलं, "साहेब, कायद्यात बापाचा हक्क नेमका काय?"

"बाप नैसर्गिक पालक. पहिला नंबर बापाचाच."

"मग ओम माझ्याकडं?"

"पाच वर्षांपर्यंत मूल सहसा आईकडे."

"तो तर सहाचा झाला!"

"आता मुलाचं हित बघणार. एवढे दिवस तिकडे रुळलाय, तेही बघणार."

नाना आमच्याकडे वळून घरच्या बोलीत म्हणाला, "म्हणजे लंबर पहिला, पन गाडी निंघी गयी!"

*

एक माझाही. माझी श्रेया बारा वर्षांची. भेटीत सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि वेळ संपायच्या जरा आधी स्वतःच उठून दप्तर पाठीला लावायची. मला वाटलं, कंटाळते. एकदा विचारलं.

म्हणाली, "बेल वाजली ने पप्पा, की तुमचं तोंड कसंतरी होतं. म्हणून मी आधीच उठते."

*

डिसेंबरात जजसाहेबांनी ओमला एकट्याला चेंबरमध्ये बोलावलं. बाहेर एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला ओमची आई आणि आबा. आबा म्हणजे कोसाडचे आजोबा, ओम त्यांना तीच हाक मारतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दार उघडलं तसा ओम धावत येऊन नानाच्या पायाला बिलगला.

"साहेबांनी विचारलं, बेटा, किसके पास रहना है? मी बोललो, नाना!"

"आणखी काय विचारलं?"

"बोलले, पक्का? नाना के घर? मी बोललो, पक्का!"

ओमची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी चहा नानाने पाजला, दारावरच्या बाईलासुद्धा.

*

या महिन्याच्या पहिल्या शनिवारी नाना पतंग आणि फिरकी घेऊन आला. बाई म्हणाली, "मांजा अंदर नहीं जायेगा." फिरकी बाकावर राहिली, पतंग आत गेला.

दाराच्या काचेतून आम्ही बघत होतो. नाना पतंग डोक्यावर धरून खोलीभर पळतोय. ओम मागून दोन्ही हातांनी नसलेली फिरकी फिरवतोय आणि ओरडतोय, "ढील दे नाना, ढील!"

"पुढच्या वर्षी आपल्या गच्चीवर," नाना त्याला म्हणाला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला.

"मनी पतंग कटनीच नही!"

खरात म्हणाला, "दोराच नाही, त कटंल कशी?"

*

काल दुपारी निकाल होता. मी आणि खरात अर्धी रजा टाकून गेलो. वकिलाने कागद आणला आणि आमच्यासमोर गुजरातीतून मोठ्याने वाचायला लागला.

"बाळके स्पष्ट जणाव्युं छे के ते नानाने त्यां रहेवा मांगे छे."

खरातने नानाच्या पाठीत धपाटा घातला. "पोरगं नानाकडंच राहतो म्हणलंय! जिंकलास लेका!"

नानाने अमळनेरला आईला फोन लावला. "माय, मी ओमले घरी लई येस!"

वकिलाने पान उलटलं.

अर्ज नामंजूर. ओम आईकडे, कोसाडला, कागदातल्या 'नाना'च्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या घरी. भेट पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, त्याच खोलीत.