वरचं क्लिनिंग, खालचं क्लिनिंग

दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर ‘क्लिनिंग’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा लिहिला, त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायची माझी फार इच्छा आहे. आपल्याकडे भांडी घासतात, विहिरीतला गाळ उपसतात, शेतातलं तण भांगलून काढतात. दातांच्या तीन वेगळ्या कामांना मात्र एकच शब्द, आणि तोही असा गुळगुळीत, की पुढं काही विचारायचं असतं हेच सुचत नाही.

माझ्या आईचे पुढचे दात म्हणजे तिचं हत्यार. कबनूरला ती वीसेक वर्षं कांड्या भरायची, म्हणजे यंत्रमागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायची. सूत तुटलं की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दातांनी तोडायची. कात्री मांडीशी पडलेली असली तरी तिला कधी हात लावला नाही. काम सुटलं, पण सवय राहिली. घरात कुणाचं बटण लावलं तरी शेवटचा धागा तिच्या दातांतच तुटायचा, आणि त्याचा तिला मोठा तोरा होता.

सकाळचा चहा झाला की उंबऱ्यावर बसून ती मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूच्या त्या काळ्या पुडीने दात घट्ट राहतात, अशी तिची आणि सगळ्या गल्लीची खात्री. भावाचं लग्न ठरलं तेव्हा मला फोटोंची काळजी लागली. मी कोल्हापुरात शाळेत शिकवते, चारचौघांत वावरते. आईचे काळे दात अल्बममध्ये दिसायला नकोत, एवढाच माझा विचार होता. ते लिहितानाही लाज वाटते.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात तिला घेऊन गेले आणि ऐटीत म्हणाले, “क्लिनिंग करायचंय, दोघींचं.” तरुण डॉक्टरने आईच्या तोंडात मिनिटभर पाहिलं. “काकू, एकदम चकाचक करून देतो.” अर्ध्या तासात तिचे दात पांढरे झाले, पाठोपाठ माझेही. चूळ टाकताना तिच्या तोंडातून बरंच रक्त आलं. मी विचारलं तर म्हणाला, “होतं थोडं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.”

आई उलट खूश. “नासकं रगत गेलं. बरं झालं.”

आमच्याकडे अंगातून बाहेर पडलेलं रक्त नासकंच असतं. आणि बी.एड. झालेल्या मीही मान डोलावली.

फोटो छान आले. पुढं वर्षभरात तिचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. गल्लीने निकाल देऊन टाकला, “मशीन लावलं की दात हालत्यातच.” आई नुसती माझ्याकडे बघायची. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत भिजवून खायला लागली, तेव्हा कुठं ती दुसऱ्या डॉक्टरकडे यायला तयार झाली.

ही डॉक्टरीण वयाने मोठी. खुणा कोरलेली एक बारीक सळई ती प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत हलकेच घालत होती आणि शेजारच्या नर्सला आकडे सांगत होती. तीन, पाच, सहा, सात. जितका आकडा मोठा तितकी हिरडी दातापासून सुटलेली, हे तिने आधीच सांगितलं होतं. सातला मी आईचा हात धरला.

मग तिने समजावलं. डाग घालवून दात चकचकीत करणं, ते पॉलिश. हिरडीच्या वर दिसणारं किटण काढणं, ते साधं क्लिनिंग. आणि हिरडीच्या आत, मुळावर साचलेलं किटण हिरडी बधीर करून खरवडणं, ते खोल क्लिनिंग. आईला तिसरं हवं होतं. मिळाली पहिली दोन. “मशीननं दात हालत नाहीत, मावशी. आतलं हाड झिजलंय. मिश्री तर आजपासून बंद.”

आई खुर्चीतूनच म्हणाली, “म्हंजे भांडं वरनं घासलं, आन् बुडाची खरवड तशीच ठेवली व्हय?”

“तसंच,” डॉक्टरीण म्हणाली.

दोन दात गेले. बाकीचे दात दोन खेपांत खरवडून वाचवले. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. मिश्रीची डबी आईने माझ्या हातात ठेवली.

मी तडक राजारामपुरी गाठली. हिरडी का तपासली नाही, दातांचा एक एक्स-रे का काढला नाही, रक्त आलं तेव्हा थांबला का नाही, सगळं विचारलं. आवाज चढला होता, बाहेरचे लोक वाकून बघत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, तुम्ही क्लिनिंग मागितलंत. आम्ही क्लिनिंग केलं.”

असा संताप मला जन्मात आला नव्हता. डॉक्टर तू की मी? रोग्याने मागायचं आणि तू वाढायचंस, ही काय खानावळ आहे? हे सगळं मला सुचलं ते घरी पोचल्यावर.

परवा आई माझ्या ब्लाउजला हूक लावत होती. शेवटचा टाका झाला, तिने सवयीने धागा तोंडाशी नेला. तो फटीतून नुसताच सरकला. पुन्हा नेला, पुन्हा सरकला. मग तिने माझ्याकडे न बघताच ब्लाउज पुढं केला. “तोड की.”

मी धागा दातांत धरून ओढला. तुटलेलं पांढरं टोक गुलाबी झालं होतं. मी पटकन मुठीत लपवलं, पण वीस वर्षं सूत बघितलेली ती बाई.

“तुझं बी रगत येतंय व्हय? कवापास्नं?”

मी म्हणाले, “येतं कधीमधी. ब्रश करताना.”

“उद्या चल,” ती म्हणाली. “आन् गेल्या गेल्या इचार, वरचं करणार का खालचं.”