घाटात पाऊस आणि आत्याचा उपास

८ ऑगस्ट, गुरुवार. पहाटे साडेपाचला मी गाडीच्या डिकीत सामान भरत होते. छोट्या सिलिंडरची शेगडी, तवा, परात, ज्वारीचं पीठ, घरून करून घेतलेला झुणका, मिरचीचा खर्डा, चार कांदे, ताडपत्री, दोन छत्र्या आणि तीन जुने टॉवेल. लोणंदला तेव्हा बारीक पाऊस होता आणि वारा असा, की स्वेटरवर रेनकोट चढवूनही कानात गारठा शिरत होता.

"उघड्यावर जेवायला बरा दिवस निवडलास," हे दारातूनच म्हणाले.

दिवस मी निवडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती आणि त्याआधी मला आत्याला तिच्या माहेरी, आष्ट्याला, पोचवायचं होतं. आत्या अठ्ठ्याहत्तरची. रहिमतपूरजवळच्या एका वाडीत मुलाकडे राहते. माझे वडील, आण्णा, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला मुराळी (सासरहून बहिणीला न्यायला येणारा भाऊ) जातो. आण्णा आधी बैलगाडीनं जात, मग एसटीनं, मग मोटरसायकलवर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाय पुरता वाकेना. त्यांनी भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर पाठवला. आत्यानं ड्रायव्हरला पोटभर जेवू घातलं आणि गाडी रिकामी परत लावली. पुढच्या पंचमीला आण्णांनी कुणालाच पाठवलं नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद, फोनसुद्धा नाही.

माझा भाऊ फौजेत, त्याला रजा नाही. दोघं म्हातारे ऐंशीला टेकलेले. कुणीतरी जायला हवं होतं आणि गाडी मला चालवता येते.

सालप्याच्या घाटात धुकं इतकं उतरलं होतं की समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी त्यांच्या मागेच राहिले. वाठार ओलांडल्यावर जरा उजाडलं. कोरेगावला गरम वडा आणि चहा घेतला. वडा चांगला होता. मी दोन खाल्ले.

वाडीत पोचले तेव्हा आत्या ओसरीवर बसली होती. नेसूचं कडक इस्त्रीचं, शेजारी गाठोडं बांधून ठेवलेलं. म्हणजे यायची तयारी होती. पण तोंडानं ते कबूल करायचं नव्हतं.

"कोण आलंय तुज्यासंगं?" तिनं माझ्या मागे बघत विचारलं.

"कोणी नाही. मीच मुराळी."

"मुराळी बाई असती व्हय गं?"

"मागं पुरुष पाठवला होता की. त्याला परत लावलंस."

"त्यो ड्रायव्हर हुता. मी काय उसाची मोळी हाय, ट्रॉलीत टाकून न्यायला?"

आतून तिची सून चहा घेऊन आली. ती हळूच मला म्हणाली, "पाच वाजल्यापास्नं बसल्यात. तुम्ही नुसतं 'ऊठ' म्हणा."

मी तसं म्हटलं नाही. आत्याला कुणी 'ऊठ' म्हटलं की ती मुद्दाम बसते. मी म्हटलं, "सागरेश्वरच्या घाटात उघड्यावर जेवायचा बेत आहे. शेगडी-तवा सगळं घेतलंय. पण तुला पाऊस सोसणार नसेल तर राहू दे."

लहानपणापासून आम्ही तिच्याकडून ऐकत आलो होतो, की माहेरी जाताना ती आणि आण्णा घाटात बैल सोडून शिदोरी खात. पुढे एसटी आली तरी खाली उतरून खात आणि मागच्या गाडीनं जात.

"मला सोसत न्हाई?" आत्या उठली. "तूच पडशील आजारी. ते गाठुडं घे."

पुसेसावळी, मग कडेगाव. दोन्ही बाजूंना आल्याची आणि उसाची रानं, मध्ये पाणी साचलेली पड जमीन. आत्या पुढच्या सीटवर शालीत गुरफटून बसली होती आणि रस्त्यातल्या प्रत्येक गावात कोण कुणाला दिलीय ते सांगत होती. आण्णांचं नाव आलं की 'तुजा बाप' म्हणायची.

"आष्ट्याला गेल्यावर बोलणार आहेस ना त्यांच्याशी?" मी विचारलं.

"मी माज्या माह्यारी निघालीय. तुज्या बापाकडं न्हाई."

"घर एकच आहे, आत्या."

"आसंल की."

देवराष्ट्र्याच्या पुढे चढ लागला आणि पाऊस जोरात आला. एका वळणावर रस्त्याच्या कडेला सपाट जागा आणि दोन मोठी झाडं दिसली. आत्या म्हणाली, "हितंच." मी गाडी लावली. खाली दरीत हिरवं रान आणि वर ढग, एवढंच दिसत होतं. डिकीचं दार वर उघडून त्याचं छत केलं, त्यावरून ताडपत्री ओढून झाडाला बांधली. ती दोनदा सुटली. एक छत्री वाऱ्यानं उलटी झाली आणि दरीत गेली. मी तिच्याकडे बघत बसले नाही.

शेगडी पेटायला बाराएक काड्या गेल्या. शेवटी परात आडवी धरून आडोसा केला तेव्हा जाळ टिकला. आत्या डिकीच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि सूचना देत होती. पीठ मळताना बोटं गारठून लाकडासारखी झाली होती, पण भाकरी फुगली. एक, दोन, तीन भाकऱ्या झाल्या. मी ताटलीत गरम भाकरी, झुणका, खर्डा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा वाढून आत्यापुढे धरली.

तिनं ती हातानं बाजूला केली. "माजा उपास हाय."

"कसला उपास?"

"कसला म्हंजी? आज चवथ न्हवं का. भावाचा उपास."

पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बहिणी भावासाठी उपास धरतात आणि दुसऱ्या दिवशी नागाची पूजा झाली की सोडतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेतली नोकरी लागल्यापासून मी तो सोडून दिला होता आणि मग चतुर्थी डोक्यातूनच गेली होती. उघड्यावर जेवणाचा सगळा बेत मी नेमका त्याच दिवशी मांडला होता.

"तीन भाकऱ्या होईपर्यंत गप्प का बसलीस?"

"मला वाटलं, तुज्या बापासाठी थापून नेतीयास."

"ज्या भावाशी बोलत नाहीस, त्याच्यासाठी उपास धरतेस?"

"बोलणं येगळं, उपास येगळा," आत्या म्हणाली. "बोलत न्हाई म्हणून त्यानं मरायचं हाय व्हय?" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुजा हाय न्हवं?"

खोटं बोलता आलं असतं. "मी कोरेगावात वडा खाल्ला. दोन," मी सांगितलं.

"तुजा भाऊ तिकडं बर्फात उभा हाय आन् तू हितं वडं खातीस?"

तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. झाडापलीकडे डोक्यावर घोंगडं घेतलेला एक मेंढपाळ आणि त्याची बायको उभी होती. पावसानं पाठ धरली म्हणून मेंढरं-शेळ्या झाडाखाली घातल्या होत्या. भाकरीच्या वासानं ते ताडपत्रीपर्यंत आले होते आणि आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"आवं आज्जे," तो म्हणाला, "वड्यानं भाऊ मरत आसतं तर कोरेगावात एक बी भाऊ राहिला नसता."

"तू गप रं!" आत्या म्हणाली, पण तिलाही हसू आलं. "ये आत. भिजू नगंस."

तो आत आला. बायको बाहेरच थांबली, म्हणाली, "माजा बी उपास हाय, आक्का. दोन भाऊ हायती."

"तूबी ये," आत्यानं फर्मावलं. मग माझ्याकडे वळून, "आन् तू हितनं फुडं धर. वड्याचं मी नागोबाला सांगती."

अशी माझी भाकरी गेली. तिन्ही भाकऱ्या मेंढपाळानं खाल्ल्या, झुणका पुसून घेतला आणि खर्ड्याला "लय झ्याक" म्हणाला. चौथी थापायला लावली, तीही मी थापली. भूक मला सपाटून लागली होती. त्याच्या बायकोच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या, आत्याच्या गाठोड्यात उकडलेली चार रताळी निघाली. बायकोनं बाहेर जाऊन शेळीचं दूध काढून आणलं आणि माझ्या शेगडीवर चहा केला. जाळाला आडोसा म्हणून नवऱ्यानं घोंगडं धरलं. घट्ट, वासाचा, कडक गरम चहा. आम्ही तिघी उपासकरी बायका डिकीत ओळीनं बसून शेंगा सोलत होतो आणि पाऊस पायांवर येत होता. मागच्या बाजूनं एका शेळीनं पिठाच्या डब्यात तोंड घातलं ते आम्हाला डबा उलटल्यावर कळलं.

"भांडलासा कशापायी?" त्या बाईनं आत्याला विचारलं.

आत्यानं ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. बाईनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग भावाला सांगितलं का, का रुसलाय त्ये?"

"त्याला कळाय नगं?"

"माज्या ह्यांना तर सांगून बी कळत न्हाई," ती म्हणाली. नवरा चौथ्या भाकरीत होता. त्यानं मान डोलावली.

राहिलेलं एक रताळं आत्यानं फडक्यात गुंडाळून परत गाठोड्यात ठेवलं.

निघताना मागचं चाक चिखलात रुतलं. मेंढपाळानं आणि त्याच्या बायकोनं ढकललं, मी एका दमात गाडी डांबरावर काढली. ताकारीवरून पुढे आलो. पुलाखाली कृष्णा गढूळ, काठाला लागून वाहत होती. चारच्या सुमाराला आष्ट्यात शिरलो.

आण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते, ऑपरेशनचा पाय समोर स्टुलावर ताठ. त्यांनी गाडी पाहिली, आत्याला पाहिलं आणि माझ्याशी बोलले.

"वाटेत जेवलात का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "तुज्या नावाचा उपास हाय आज. जेवतीय कुठली?" आणि फडक्यातलं रताळं त्यांच्या हातात ठेवलं. "घाटातलं हाय. खा."

आण्णांनी रताळ्याकडे पाहिलं. "घाटात थांबलासा? ह्या पावसात?"

"मग? दर साली थांबतू. तू ड्रायव्हर पाठवलास. त्यो थांबला असता का घाटात?"

आण्णा थोडा वेळ साल काढत बसले. "ह्ये तवाच सांगायचं न्हाई का? मला वाटलं, गाडी बारकी पाठवली म्हणून रागावलीस."

"गाडीचं काय लोणचं घालायचंय? तू यायचं हुतंस."

"पाय वाकत न्हाई, आक्के. मागच्या शिटावर आडवं पडून जावं लागतंय. भनीच्या दारात पोत्यासारखा उतरू?"

"उतरायचं की! मी उचलून घेतला असता."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई हे म्हणाली आणि आण्णा हसले. आत्यानं पदर खोचला. "बरं. आणलं पोरीनं. पोचवाय मातुर तू यायचं. पंधरा दिसानं. घाटात जेवूनच जायाचं."

"आगं पण पाय..."

"त्ये मला सांगू नगंस."

ती घरात गेली आणि चुलीपाशी काय कुठे ठेवलंय यावरून आईला बोलू लागली. मी गाडीतला चिखल धुतला, ताडपत्री वाळत घातली आणि भुकेल्या पोटीच झोपले.

सकाळी नागाला दूध-लाह्या झाल्या, उपास सुटला, मी पुरणाची दिंडं चार खाल्ली. मग बाहेर जाऊन गाडीची पुढची सीट खाचेच्या शेवटापर्यंत मागे ढकलली, पाठ खाली केली आणि आण्णांना बोलावून बसवलं. पाय थोडा तिरका ठेवावा लागला, गुडघ्याखाली उशी लागली, पण पाय आत मावला. मी दार ढकललं. लागलं.